दिवाळं काढायलाही ऐपत लागते

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली झाली. तिच्यात गरीब कर्जदाराला 'नवी सुरुवात' करून द्यायची तरतूद आहे. अटी एवढ्याच, की वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या वर नको, मालमत्ता २०,००० च्या वर नको, माफ व्हायचं कर्ज ३५,००० च्या वर नको आणि स्वतःचं घर तर नकोच. इतका सर्वगुणसंपन्न कंगाल शोधूनही काढला असता. पण ती तरतूद अजून लागूच झालेली नाही. घाई झाली ती कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. त्यांचं प्रकरण १ डिसेंबर २०१९ पासून सुरू. बाकी रयतेला मुंबई शहरात १९०९ चा कायदा, बाहेर १९२० चा. पाचशे रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो म्हणे! वकिलाची फी अर्थात वेगळी.

सल्ला हवाय? बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत की; ती बचतीचं महत्त्व सांगतात. त्यापेक्षा वसुलीवाला बरा. रिझर्व्ह बँकेने आखून दिलेल्या वेळेत, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, तो मोफत समुपदेशन करतो: "वहिनींच्या पाटल्या आहेत ना? नाहीतर दुसऱ्या ॲपवरून उचला, साहेब!"