राजा विड्याच्या पानात

परदेशी लेखकांची कीव येते. हरवलेला राजपुत्र, थोडी जादू, शेवटी उलगडणारी ओळख. एवढ्यासाठी बिचारे पाचशे पानं खर्ची घालतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला, हेच काम एका पानात उरकतं. तेही विड्याच्या.

वर्षाचं भाकीत करण्यासाठी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार १८ धान्यं, मधोमध मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, वर पाण्याची घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, पानसुपारी म्हणजे साक्षात राजा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. सूर्योदयाला विडा जागेवर दिसला की राजा कायम. कोणता, ते विचारू नये. २६ जानेवारी १९५० नंतर राजानं अज्ञातवासात राहणंच शहाणपणाचं.

साडेतीनशे वर्षांच्या या पद्धतीपुढे मतदान यंत्रं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. निवडणूक आयोगानं तालुक्याला एकेक विडा द्यावा आणि मुंग्यांना आचारसंहिता लावावी. पान उलटलंच, तर पक्षांतर समजावं.

प्रजेसाठी मात्र घटात पदार्थ नाही. ती भल्या पहाटे बांधावर उभी राहून भाकीत ऐकते आणि बियाण्याच्या उधारीसाठी दुकान गाठते.