घट बसायच्या आधी

वसंतात घर झाडायची चैन आमच्या देवळा तालुक्याला परवडत नाही. मार्च-एप्रिलात सगळं घरच उन्हाळ कांदा काढायला शेतात असतं. इथं घर आवरायला काढतात ते पितृपक्षात, घट बसायच्या आधी. गोधड्या गाडीत कोंबून धुवायला गिरणा नदीवर नेतात, लोहोणेरकडे. पिळताना दोन टोकांना दोन बायका लागतात. पुरुष गाडी राखतो.

काम सोपं आणि मजेचं कसं करावं, याचे सल्ले हल्ली मोबाइलवर फुकट मिळतात. गाणी लावा, रोज एकच खोली घ्या, कामं वाटून घ्या. वाटणी तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. बाई माळ्यावर चढते, पुरुष शिडी धरतो. तीही एका हातानं. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर उमराण्याच्या बाजारातला कांद्याचा भाव.

माळ्यावरून खाली येतो गंजका फवारणी पंप, ठिबकच्या फाटक्या नळ्या, जुन्या टीव्हीचं रिकामं खोकं.

"राहू दे, लागंल कधी."

सगळं पुसून पुन्हा वर!

हाच गृहस्थ कांद्याच्या चाळीत बघावा. सडका कांदा दिसला की क्षणात बाहेर, कारण एक सडला की शेजारचेही जातात. चाळीला खालून-बाजूनं हवा लागते, हे त्याला तोंडपाठ. स्वयंपाकघराला मात्र एक खिडकी, तीही पोत्यांनी बंद.

तेव्हा दादा, यंदा शिडी वहिनींना धरू द्या. वर तुम्ही चढा.