सोलेनॉइड ठेवावा की काढावा?

मित्सुबिशीच्या टर्बो गाडीचं बोनेट उघडलं की आपल्या हौशी मंडळींचे हात शिवशिवतात आणि पहिला बळी जातो इंधनदाबाच्या सोलेनॉइडचा. बिचाऱ्याचं काम एवढंच: तापलेलं इंजिन पुन्हा चालू करताना रेग्युलेटरचा व्हॅक्यूम थोडा वेळ तोडायचा, म्हणजे दाब चढा राहतो आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होत नाही. मित्सुबिशीच्या अभियंत्यांनी तो काय शोभेला बसवला होता? मोठा पंप आहे, मग हा कशाला, असं म्हणतात. पण पंप फक्त पेट्रोल ढकलतो. दाब ठरवतो रेग्युलेटर. जुना सोलेनॉइड बूस्टखाली गळला तर पेट्रोल कमी पडून पिस्टन जळेल, ही भीती मात्र खरी. तेव्हा सोलेनॉइड आणि त्याची व्हॅक्यूमची नळी नवी घाला, की झालं! निव्वळ ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीने तो खुशाल काढावा. पण 2011 पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाला ट्रॅक म्हणायला भलतंच धाडस हवं. सोलेनॉइड काढलेल्या गाडीचं इंजिन वाटेत वडखळला चहापुरतं बंद केलं, की नंतर स्टार्टर नुसताच कण्हतो. तेवढ्यात पेणजवळच्या जोह्याहून गणपतीची मूर्ती घेऊन निघालेला टेम्पो, गवतात बसवलेल्या बाप्पासकट, तुमच्या चारशे अश्वशक्तीला ओव्हरटेक करून जातो.