नागिणीचा बडा ख्याल

सवाई गंधर्व महोत्सवात कुणी पाऊण तास आलापी केली, की दुसऱ्या दिवशी पेपरात त्यावर अर्धा रकाना येतो आणि श्रोते हमखास मंत्रमुग्ध झालेले असतात. आमच्या शहापूर-मुरबाडकडे एप्रिल-मेमध्ये रात्र-रात्र बेंजो वाजतो, त्यावर मात्र कुणी ओळ लिहीत नाही. फार तर पोलीस पाटलाकडे तक्रार जाते. पण तक्रारीत ताल-सुराविषयी काही नसतं, फक्त वेळ आणि आवाज असतो. म्हणून माझ्या आतेभावाच्या हळदीत ऐकलेल्या एका वादनाचं परीक्षण मीच करायला घेतलंय.

अमेरिकेत हे काम फार मन लावून करतात. तिथे ‘ग्रेटफुल डेड’ नावाची पार्टी १९६५ साली कॅलिफोर्नियात निघाली. त्यांचं ‘डार्क स्टार’ १९६८ मध्ये तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं, पण स्टेजवर गेलं की अर्धा-अर्धा तास हलायचं नाही, आणि दर रात्री निराळं निघायचं. लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. १९८४ पासून बँडनेच त्यांना बसायला वेगळी जागा करून दिली. २७ ऑगस्ट १९७२ ला ऑरेगनमध्ये ते गाणं कसं वाजलं, यावर तिकडची म्हातारी माणसं अजून हुज्जत घालतात. त्यांचा एक ड्रमवाला मिकी हार्ट आपल्या झाकीर हुसेनबरोबर वाजवायचा. म्होरक्या जेरी गार्सिया चक्क बँजो वाजवायचा. पण तो बँजो वेगळा. आमचा बेंजो जपानचा. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, ते वाद्य फिरत फिरत हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं आणि विजेची वायर लागल्यावर आमच्या वरातीत घुसलं.

तर हळद शहापूर तालुक्यातली, पार्टी मुरबाडची. नवरदेवाचा मामा म्हणजे माझा धाकटा काका, आणि सुपारी त्याने दिलेली. मीही मुरबाडचाच, त्यामुळे या परीक्षणात थोडं डावं-उजवं होणार, हे शहापूरकरांनी समजून घ्यावं.

आरती झाली, दोन कोळीगीतं झाली आणि नऊच्या सुमारास मांडवाच्या कोपऱ्यातून फर्माईश आली, ‘दादा, नागीण घ्या!’ ही धून १९५४ च्या ‘नागिन’मधली. त्यात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ दिली. म्हणजे नकली पुंगीची नक्कल जपानी बुलबुलतरंगावर, आणि त्यावर तोंडात रुमाल धरून नाचणारा आमचा चुलतभाऊ. त्याच्यापुढे फणा काढून दुसरा. पहिली दहा मिनिटं सगळं शास्त्राला धरून चाललं होतं. नागीण मेली, उठली, पुन्हा मेली.

एवढ्यात काकाने बेंजोवाल्याकडे बघून दोन्ही हात लांब ताणले. कारण असं, की चुलीवर मटण तयार होतं, पण भाताला पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय, भातसाही त्याच कामाला लागलंय, आणि दोन्ही याच तालुक्यात. डोंगरापलीकडचं पाणी शंभर किलोमीटरवरच्या नळाला वेळेवर जातं, अलीकडच्या पाड्यावर टँकरची वाट बघायची. मांडवात पाचशे माणसं भुकेली. गाणं थांबलं असतं तर सगळ्यांचं लक्ष पोटाकडे गेलं असतं.

इथून खरी कला सुरू झाली. बेंजोवाल्याने आधी चाल सोडली आणि दोनच स्वरांवर बसून राहिला. ढोलवाल्याने ते ओळखून ठेका निम्म्यावर आणला. मग न कळत नागीण एका अभंगाच्या वळणावर गेली, तशी ओट्यावर बसलेली भजनी मंडळी सावरून बसली, एकाने तर चपला काढल्या. अभंगातून तो कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत शिरला. पोरंटोरं खूश. तिथून वासुदेवाच्या चालीत, वासुदेवातून कुठेच नाही अशा एका जागी. त्या जागेला नाव नव्हतं. नाचणारे तिथे गोंधळले, हात वर राहिले, पाय कुठे टाकावा कळेना. वारली वस्तीत तारप्या तारपा फिरवतो तसा नाच फिरतो, सूर बदलला की पाऊल बदलतं. इथे पाऊल चुकलं तसं बेंजोवाल्याने पावलाकडे बघून सूर शोधला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना नागिणीचा फणा वर काढला. मांडवाचे डांब हलतील एवढी आरोळी उठली. ही जागा मी वहीत लिहून ठेवावी अशी होती, पण हातात सरबताचा पेला होता.

आता दोष. कीबोर्डवाल्याकडे आवाज शंभर असतील, पण त्याचा हात बासरीवर अडकलेला. बेंजोने कितीही गहन प्रश्न विचारला तरी उत्तर बासरीच. ताशावाल्याला समेची भलतीच घाई, सम यायच्या आधी हा तिथे पोचून घाम पुसतोय. आणि माइकवाल्याचं काय करावं? बेंजो अगदी हळव्या जागी आला की हा ओरडायचा, ‘अमक्या भाऊंकडून बेंजो पार्टीला एकशे एक रुपये!’ पुढे पुढे तर बेंजोवाला त्या घोषणेसाठीच जागा मोकळी ठेवू लागला, आणि रक्कम पाचशेच्या वर गेली की तान दुप्पट लांब घ्यायचा. ‘डार्क स्टार’मध्ये ही सोय नव्हती.

समीक्षक मी एकटा नव्हतो. बाकड्यावरचे शहापूरकर काका म्हणाले, ‘मुरबाडवाल्यांचा हात जड. खर्डीच्या लगनात पोरानं नागीण वाजवली व्हती, ती नागीण!’ ती खर्डीची नागीण कुणीच रेकॉर्ड केलेली नसल्यामुळे तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. आत देवकापाशी धवलारीण आजी बसल्या होत्या. त्यांचा धवला स्पीकरच्या खाली दबून गेला होता, आणि ही तक्रार या परीक्षणात मी सगळ्यात वर ठेवतो. विधी त्यांच्या गाण्यावर चालायचा आणि त्यांचंच गाणं नवरदेवाला ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकदा बाहेर डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘वाजवतोय ब्येस, पन थांबायचं कुनी शिकवलं न्हाय त्याला.’ एवढ्या मोजक्या शब्दांत मला आजवर एकही परीक्षण लिहिता आलेलं नाही.

आणि थांबायचं कसं, हा प्रश्न त्यालाही पडलाच असणार. नियमाप्रमाणे दहाला आवाज बंद व्हायला हवा. आमच्याकडे दहा वाजायलाच अकरा वाजतात. बोटं लाल झाली होती. सगळ्या चाली एकदा होऊन गेल्या होत्या, नागीण तर किती वेळा मेली याचा हिशेब तिलाही नसेल. तेवढ्यात फाट्यावरून टँकरचा हॉर्न वाजला, लांबलचक, जाड, एकाच स्वरात. बेंजोवाल्याने मान तिरकी करून तो स्वर उचलला, दोन कळा मागेपुढे चाचपल्या, आणि अख्खं गाणं त्याच्यावर आणून टेकवलं. ताशावाला आयुष्यात पहिल्यांदा समेवर आला. भजनी बुवांच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं.

टाळ्या मात्र पडल्या नाहीत. टाळ्या वाजवायला मांडवात होतं कोण? रुमालवाला, फणावाला, करवल्या, बाकड्यावरचे काका, सगळे हंडे-कळश्या घेऊन फाट्याकडे पळाले. माइकवाल्याने ‘टँकरचं स्वागत असो’ म्हणून घेतलं आणि तोही बादली घेऊन गेला. राहिला फक्त अंगभर पिवळा नवरदेव, कारण हळद लागल्यावर त्याला मांडवाबाहेर जायची बंदी. बेंजोवाल्याने त्याच्याकडे बघितलं, त्याने खाली मान घालून हळूच दोन्ही हात डोक्यावर फण्यासारखे जोडले, आणि नागीण पुन्हा सुरू झाली. तेवढं शेवटचं वादन कसं झालं ते मी सांगू शकत नाही; माझ्या हातात तोवर आत्याने हंडा दिला होता.