चेहऱ्याचे पोटहिस्से

माणसाचा चेहरा देवाने एकसंध घडवला. रुग्णालयांनी मात्र त्याचे पोटहिस्से पाडले. नाक कान-नाक-घसावाल्यांच्या नावावर, डोळा नेत्रविभागाच्या, कातडी प्लास्टिक सर्जनच्या. जबडा मुखशल्यचिकित्सकाचा, पण तो पडला दंतवैद्य, म्हणून बहुधा वेगळ्या इमारतीत, वेगळ्या कॉलेजात. कायदेही वेगळे: डॉक्टरांच्या आयोगाचा २०१९चा, दंतवैद्यांच्या आयोगाचा २०२३चा. हेल्मेट आरशाला अडकवून रात्री दीड वाजता खड्ड्यात आपटणाऱ्याने हद्दी बघून आपटावे, एवढीच माफक अपेक्षा. शक्यतो फक्त खालचा जबडा मोडावा, तोही ओपीडीच्या वेळेत.

ब्रिटनने जबड्याच्या या शल्यविशारदाला वैद्यकी आणि दंतवैद्यकी, दोन्ही पदव्या सक्तीच्या केल्या. शिक्षण संपेपर्यंत केस पिकू लागतात, हा भाग वेगळा. आपल्याकडे स्वस्तातला उपाय आहे: अपघात विभागात चारही विभागांच्या ड्यूटीचा एकच तक्ता आणि एकच फोन. पण तो तक्ता कोणाच्या सहीने लागेल, हे ठरवायला समिती नेमावी लागेल. तिच्यात जबड्याचा डॉक्टर नसेल. दंत महाविद्यालयाला पत्र स्वतंत्र जाईल, रीतसर आवक-जावकमार्गे.