सुरमईचा मुक्काम

अमिरातीतल्या १६ एप्रिल २०२४ च्या पावसाचे आकडे लोक अजून सांगतात. अल ऐनजवळ खतम अल शकला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर; १९४९ साली नोंदी सुरू झाल्या तेव्हापासूनचा विक्रम. मुंबईकर यावर हसतो. २६ जुलै २००५ ला एकट्या सांताक्रूझनं ९४४ मिलिमीटर रिचवला होता. पण मुंबईची आणि पावसाची निदान जुनी ओळख तरी आहे. शारजात पाणी आलं, पुढं जायचं कुठं ते त्याला कळेना, म्हणून अल मजाझ, अल कासिमिया, अबू शगाराच्या गल्ल्यांत ते तळ ठोकून बसलं. आमच्या इमारतीची विजेची खोली तळघरात. पुढचं सांगायला नको.

या सगळ्यात फ्रीझरचा काही दोष नव्हता. असलाच तर पंचांगाचा होता. ९ एप्रिलला पाडवा, १७ ला रामनवमी, आणि आमच्याकडे या चैत्रातल्या नवरात्रात मासे चालत नाहीत. नियम खाण्याचा आहे, विकत घेण्याचा नाही, असा अर्थ मी वर्षानुवर्षं लावत आलोय. त्यात १८ ला मेहुणा पुण्याहून येणार. तेव्हा ईदच्या सुट्टीत सूक अल जुबैलमधून सुरमई आली, कोलंबी आली, आणि पाडव्याच्या उरलेल्या पुरणाशेजारी, खवलेल्या नारळाला टेकून, रामजन्माची वाट बघत बसली. मेहुण्याचं विमान रद्द झालं. दुबईच्या धावपट्टीवर त्या दिवसांत होडी चालली असती.

बायको इथल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वीज गेल्या गेल्या तिनं फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी लावली आणि जाहीर केलं, "दार उघडलं नाही तर खालचा भाग चार तास निभावतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर अठ्ठेचाळीस तास. गच्च आहे ना?"

"गच्च."

माझ्या मासे खरेदीचं घरात पहिल्यांदाच कौतुक झालं. पण अठ्ठेचाळीस तास आले तसे गेले, आणि वीज काही आली नाही. चिकटपट्टी काढली तेव्हा काय झालं त्याचं वर्णन करणार नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी चेचीनं 'काय झालं' म्हणून दार उघडलं होतं, ते तिनं न विचारताच लावून घेतलं, एवढं पुरे.

लिफ्ट बंद, त्यामुळे काळ्या पिशव्या जिन्यानं खाली. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी तशाच पिशव्या घेऊन उतरत होतं, आणि प्रत्येकाच्या पिशवीवरून त्याचा देश ओळखता येत होता.

वीज आल्यावर खरी लढाई सुरू झाली. सुरमई गेली होती, पण सामान ठेवून गेली होती. आधी साबणाचं कोमट पाणी. मग इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संयुक्त राष्ट्रसंघ भरला. चेची म्हणाली कॉफीची पूड. कराचीच्या बाजी म्हणाल्या लिंबू आणि लवंगा. चौथ्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स 'व्हिनेगर' एवढंच लिहून थांबली. व्हिनेगरनं न सुटणारा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरात नसावा. आमच्या आईनं देवगडहून व्हिडिओ कॉलवर फर्मावलं, "कोळसो ठेव." मी बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, हुक्क्याचा झटपट पेटणारा कोळसा आणला. पेटवायला सोपा जावा म्हणून त्यात रसायनं मिसळलेली असतात. बायकोनं तो वासावरूनच ओळखला आणि परत पाठवला.

मी सगळं एकदम ठेवलं, वर घरातला खायचा सोडाही. फ्रिज उघडला की आता एखाद्या बंद पडलेल्या कॅफेत कुणीतरी मासे तळून पळून गेल्यासारखं वाटायचं.

बायकोनं डोक्याला हात लावला. "माशाचा वास म्हणजे ट्रायमिथिलअमाइन. ते अल्कधर्मी. त्याला आम्ल लागतं, म्हणून तर आपण माशाला लिंबू, कोकम लावतो. खायचा सोडा आंबलेल्या दुधासाठी, तिथं आम्ल असतं. तू सोडा आणि व्हिनेगर एकाच वाटीत कालवलंस. दोघं एकमेकांना संपवून बसले." ती नर्स बरोबर होती तर. आईसुद्धा, कोळसा चांगला असेल तर वास त्याच्या छिद्रांत अडकतो. हे मी दोघींना कळवलं. आईनं "मगे!" एवढंच म्हटलं.

व्हिनेगरनं आतून लख्ख पुसलं, दाराचं रबर घडी-घडी उलगडून पुसलं, तरी रात्री वास यायचाच. आणि गंमत म्हणजे फ्रिजच्या आत कमी, मागं जास्त. शेवटी नातूरनं, म्हणजे इमारतीच्या रखवालदारानं, तोडगा काढला. आठवडाभर त्यानं इमारतीतले सगळे फ्रिज हुंगले असणार.

"साब, पीछे का ट्रे देखा?"

कसला ट्रे? बिनबर्फाच्या फ्रिजमध्ये आतल्या नळ्यांवरचा बर्फ वितळून पाणी एका भोकातून मागं उतरतं, कॉम्प्रेसरच्या वरच्या तबकात साचतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं आटतं. ही रचना मला शाळेत कुणी शिकवली नव्हती, बायकोलाही नव्हती. पुराच्या दिवसांत फ्रीझरमधलं सगळं त्याच भोकातून खाली उतरलं होतं. वीज आल्यापासून फ्रिज रोज मंद आचेवर ते उकळत होता, आणि आम्ही पुढच्या बाजूनं त्याला लिंबू दाखवत होतो.

तबक धुतलं, भोकात पिचकारीनं व्हिनेगर मारलं, आणि सुरमई खरोखर गेली.

मध्यंतरी ऑफिसातल्या एका अमिराती सहकाऱ्यानं अस्सल ऊदचा बखूर दिला होता. त्यांच्याकडे जेवणं झाली की धुपाटणं फिरवतात, घर, कपडे, पाहुणे सगळं धुपवून निघतं. मी उत्साहात फ्रिजचं दार उघडं ठेवून तो धूर आत भरला होता. तो मात्र गेला नाही. स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात, अत्तरवाले पूर्वी फुलांच्या पाकळ्या चरबीवर पसरायचे ते याचसाठी, असं बायको म्हणाली. म्हणाली कशाला, भोगत होती. साय साठवली, लोणी काढलं, कढवलं, आणि तुपाला राजवाड्यासारखा घमघमाट.

मेहुणा मे महिन्यात आला. वरणभातावर तूप पडलं तसा तो थांबला. पुन्हा हुंगलं.

"ताई, हे तूप कुठलं गं? असलं आपल्याकडे मिळत नाही."

बायकोनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "अरबी गाईचं."

परत जाताना अर्धा किलोची बरणी त्याच्या बॅगेत होती. पुण्याहून परवाच फोन आला होता, अजून एक मिळेल का म्हणून.