घरीच तर आहेस!

आमचा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करतो, म्हणजे कोथरूडच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत बसतो. मार्च 2020 मध्ये लॅपटॉप काखोटीला मारून तो घरी आला, तेव्हा बहिणीला केवढा आनंद! पोरगं डोळ्यांपुढे राहील, वेळेवर गरम गरम जेवेल. आता तो रोज गरमच जेवतो. दुपारी साडेतीनला, तिसऱ्यांदा गरम केलेलं.

‘घरीच तर आहेस’ या एका वाक्याने त्याचा घात केला. आई म्हणते, घरीच तर आहेस, दळण टाकून ये. वडील म्हणतात, घरीच तर आहेस, सिलिंडरवाला आला की दार उघड. सोसायटीने तर याच गुणवत्तेवर त्याला बिनविरोध सेक्रेटरी करून टाकलं. आणि रात्री सव्वादहाला मॅनेजर विचारतो, ‘घरीच आहेस ना? पाच मिनिटं कॉलवर ये.’ घरच्यांच्या लेखी तो दिवसभर रिकामा आणि ऑफिसच्या लेखी रात्रभर हजर.

आजारपणाची तर सोयच उरली नाही. पूर्वी ताप आला की बसने जाववत नसे, म्हणून रजा मिळे. परवा त्याला 102 ताप होता. साहेबांनी फार मायेने सांगितलं, ‘बसून नको करूस रे, पडून कर. कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल.’

पाच मिनिटं माऊस हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि पिवळा झाला की ‘आर यू देअर?’ येतं. भाचा अभियंता आहे. त्याने माऊसला पट्टी बांधून तिचं दुसरं टोक मान हलवणाऱ्या टेबलफॅनला अडकवलं. पंखा डावीकडे वळला की माऊस सरकतो, उजवीकडे वळला की परत येतो. तेवढ्यात अंघोळ उरकते. यंदाच्या मूल्यमापनात ‘उपलब्धता : उत्कृष्ट’ असा शेरा मिळाला. पगारवाढीत पंख्याचा वाटा किती, यावर घरात अजून एकमत नाही.

रविवारची सुट्टी काही आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून, वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या आणि सभा करून, 10 जून 1890 रोजी ती मालकांकडून मिळवली. रविवार खंडोबाचाही वार, त्यामुळे देवाचीही सोय झाली. त्या कामगारांचे हाल कुत्रा खात नव्हता, हे खरंच. पण भोंगा झाला, फाटक लागलं, की साचा काही त्यांच्या मागोमाग लालबागच्या खोलीत येत नसे. आमच्या भाच्याचा साचा उशीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो.

कायदा आहे हो! महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. 240 दिवस भरले की दर 20 दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा आहे, ती 45 दिवसांपर्यंत साठवताही येते. भाच्याच्या रजा साठवलेल्याच आहेत. आजीच्या ट्रंकेतल्या पैठणीसारख्या, कुणी नेसत नाही. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा होण्याचा आपल्याकडचा शेवटचा प्रसंग 1970 सालचा, तेव्हा फोन तूर्त उचलत राहावा. मधल्या काळात नारायण मूर्तींनी आठवड्याला 70 तास सुचवले, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी 90. आठवड्यात तास 168च असतात, ही निसर्गाची कृपा.

तरीही भाच्याने गेल्या मे महिन्यात धीर करून दोन दिवस रजा टाकली. साहेब म्हणाले, ‘बिनधास्त जा! फक्त फोन जवळ ठेव.’ तो गुहागरला मावशीकडे गेला. तिथे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. सकाळी कठड्यावर, दुपारी कठड्यावर, रात्री बॅटरी घेऊन पुन्हा कठड्यावर; चेहरा पडलेला आणि मधूनच ‘सॉरी, सॉरी’. शेजारच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, ‘पोराचं लग्नबिग्न मोडलंय काय हो? लक्ष ठेवा.’

आता कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या म्हणून फतवा काढलाय. सगळी पोरं चिडली. भाचा तेवढा खूश. सकाळची कंपनीची बस वाकडच्या पुलाजवळ पाऊण तास जागची हलत नाही. तिथे दळण नाही, सिलिंडर नाही, सोसायटीची मोटर बिघडलेली नाही. तो काचेला डोकं टेकवून गाढ झोपतो. मॅनेजरचा फोन येईल ही धास्तीही उरलेली नाही, कारण मॅनेजर मागच्याच सीटवर तोंड उघडं टाकून घोरत असतो.